खोगिराची गाठ

सरदार बुजिर विणकरांच्या वस्तीत शिरला तेव्हा नूशीन मागाखाली बसून तुटलेला धागा जोडत होती. तिला आधी दिसले ते त्याचे बूट. उजवा नीट पडत होता, डावा जमिनीला घासत येत होता. मग आवाज आला.

“हात दाखवा! चांगले हात कोणाचे आहेत इथं?”

नूशीनच्या बोटांतला धागा पुन्हा तुटला.

हेच शब्द तिने एकदा ऐकले होते, गुरगांजच्या वेशीबाहेर. तेव्हा ती तरुण होती. मंगोलांनी शहर घेतलं, जिवंत उरलेल्यांना मैदानात आणून उभं केलं आणि त्यांचे दोन भाग पाडले. कारागीर एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. कारागिरांना पूर्वेला न्यायचं होतं. बाकीच्यांचं काय होणार, हे कोणी विचारलं नाही, कारण सैनिक समोरच कुऱ्हाडींना धार लावत बसले होते. बुजिर त्या वेळी एका तुकडीचा नायक होता. गुडघ्याला ताजी जखम, तिच्यावर चिंधी, हातात सुताची लड. जो कोणी म्हणेल मी विणकर, त्याच्यापुढे तो दोन धागे धरायचा आणि म्हणायचा, “गाठ मार.”

विणकरी गाठ डोळ्याचं पातं लवायच्या आत बसते. नूशीनने मारली आणि ती वाचली. पण तिचा नवरा बेहरूज विणकर नव्हता. तो मशिदीच्या अंगणात पोरांना अक्षरं शिकवायचा. नूशीनने बुजिरच्या पायांवर लोळण घेतली. “हाही विणकरच आहे, माझ्याच मागावर बसतो,” ती म्हणाली. बेहरूजने धागे घेतले. घरी तिने त्याला ही गाठ कितीदा शिकवली होती, हसत हसत. मठ्ठातल्या मठ्ठ पोराकडून न रागावता अक्षर घोटून घेणारा माणूस, पण त्याचा अंगठा धाग्यावरून जायच्या ऐवजी नेमका खालून जायचा आणि फास गळून पडायचा. वेशीबाहेरही अंगठा खालून गेला. फास गळला. त्याने पुन्हा केला, पुन्हा गळला. बुजिर हसला. मागचे सैनिकही हसले.

“याच्या हातात काही नाही,” बुजिर म्हणाला आणि काठीने त्याला दुसऱ्या बाजूला ढकललं.

जातानाही बेहरूज ते दोन धागे हातात धरून होता. चालता चालता अजून गाठ मारून बघत होता.

त्यानंतर नूशीन वाळवंट ओलांडून, डोंगर ओलांडून, उंटांच्या मागे चालत या थंड गवताळ मुलखात आली. इथे तिच्यासारखे पश्चिमेचे लोक होते, त्यांना मंगोल सार्ताऊल म्हणत. पूर्वेकडून, चीनमधून धरून आणलेले खिताई जरीकामवाले होते. सुरुवातीला दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, पण कापड कळत होतं. आता वस्तीतून जे कापड निघे त्याची वेलबुट्टी गुरगांजची असे आणि तिच्यावर उडणारे पक्षी खिताई असत. दूरदूरचे राजे ते कापड मागवत, असं व्यापारी सांगायचे. नूशीनचे केस पांढरे झाले होते. वस्तीत काठ आणि तुरपाई तिच्याइतकी सुबक कोणाची नव्हती.

म्हणून सगळ्यांनी बोट तिच्याकडेच दाखवलं.

“ही नूशीन आपा. हिचे हात सगळ्यांत चांगले.”

बुजिरने तिच्याकडे पाहिलं. त्याने तिला ओळखलं नाही. का ओळखावं? त्या दिवशी त्याच्यापुढून किती हात गेले असतील.

त्याच्याबरोबर त्याची बायको होती, अल्ताना. रुंद चेहऱ्याची, मोठ्याने बोलणारी, उन्हाने गाल रापलेली बाई. ती आल्या आल्या कापडाचे तागे उलगडून बघायला लागली.

“म्हातारे, माप नीट घे,” बुजिर म्हणाला. “आजवर मी खानाच्या तंबूबाहेर पहाऱ्याला उभा राहिलो. या उन्हाळ्याच्या मेजवानीला पहिल्यांदा आत बसणार आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांनी निळं घालायचं, असा हुकूम आहे.”

“आत बसणार म्हटल्यापासून यांचे पाय जमिनीवर नाहीत,” अल्ताना म्हणाली. “निदान तो डावा तरी उचलायला शिका म्हणावं.”

“गप गं.”

“का गप? घरी दारातून आत यायचं तर दर वेळी माझा खांदा लागतो तुम्हाला. तिथं खानाच्या दारात कोणाचा खांदा धरणार आहात? मी तर कुरणावर असणार, मेंढ्यांत आणि पोरांत.”

सगळे हसले. बुजिरही हसला. नूशीन मापाची दोरी घेऊन त्याच्या पायांशी बसली होती. तिचा हात तिथेच थांबला.

खानाच्या तंबूच्या उंबरठ्याला पाय लावायचा नाही, हे त्या मुलखात रांगणाऱ्या पोरालाही सांगावं लागत नसे. परका कोणी चुकून अडखळला तर चौकशी करून सोडून देत. मंगोल अडखळला तर त्याला मरण. आपला दोष नव्हता हे त्याने पटवून दिलं, तरच सुटका.

“काठ कुठवर ठेवू, सरदार?” तिने विचारलं.

“लांब ठेव. पाय घासतो तो लोकांना दिसायला नको.”

“अहो, लांब नको, पायात येईल!” अल्ताना म्हणाली. मग नूशीनकडे वळून, “हे बघ बाई, आमच्या घरात सुई मी धरते. पण माझी सुई चामड्याची आणि लोकरीच्या जाड नमद्याची. तातेचा दोरा आणि जाड टाका. रेशीम माझ्या बोटांत टिकत नाही. म्हणून तुझ्यावर सोडते. बेताचा कर.”

“दुमडून देते,” नूशीन म्हणाली. “आतून वीतभर माया ठेवते. बाहेरून बेताचाच दिसेल.”

“बघा, शहाणी आहे,” अल्ताना नवऱ्याला म्हणाली.

ती दोघं गेल्यावर नूशीन बराच वेळ दोरीवरचं माप बघत बसली.

झगा तयार व्हायला वसंत सरला. निळं रेशीम, त्यावर सोन्याच्या तारेचे पक्षी. पक्षी काढले लिऊदादाने. लिऊदादा खिताई म्हातारा, त्याला दात थोडे आणि थट्टा फार. त्याचंही शहर जळलं होतं, पण त्याबद्दल तो कधी बोलत नसे. सगळं झाल्यावर नूशीनने झगा मांडीवर घेतला आणि दारापाशी उजेडात बसून काठ दुमडायला सुरुवात केली. उजव्या बाजूची दुमड तिने रेशमाने शिवली, नेहमीसारखी, आणि शेवटी आपली विणकरी गाठ मारली. डाव्या बाजूला आली तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून दुसरा दोरा काढला. जनावराच्या स्नायूची तात होती ती, वाळलेली, खरखरीत.

लिऊदादाने मान वर केली.

“आपा, रेशमाच्या घरात तात कुठून शिरली?”

“तुम्ही तुमचे पक्षी बघा.”

“पक्षी उडाले. मी तुझा टाका बघतोय. केवढाले टाके घालतेस ते! मेंढपाळाची बायको घालते तसे.”

“तसेच घालायचेत.”

म्हातारा सरकत सरकत जवळ आला. तातेला ओल लागली की ती सैल पडते, हे त्याला माहीत होतं. खानाच्या मेजवानीच्या सकाळी दारासमोर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा सडा घालतात, पखालीच्या पखाली ओततात, हेही त्याला माहीत होतं. त्याने टाक्यांकडे पाहिलं, मग नूशीनकडे. त्याच्या तोंडावरची थट्टा गेली.

“कोण आहे तो तुझा?”

“गुरगांजच्या वेशीवर हात तपासायला हाच होता.”

लिऊदादा हळू आवाजात म्हणाला, “तो मेला तर विचारतील, झगा शिवला कोणी? तुझी मान जाईल. मग माझी. मग या वस्तीत सुई धरणाऱ्या प्रत्येकाची. तू एकटीच्या हिशेबासाठी सगळ्यांना पणाला लावतेस, आपा.”

“म्हणून तर तात घेतली,” ती म्हणाली. “आणि म्हणून ही गाठ.”

तिने दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरलं, एकदा फिरवलं, एकदा उलटं घेतलं आणि ओढलं. खोगिराची गाठ. मंगोल घोडेस्वार पट्टा बांधताना जी मारतो ती. उंटांच्या मागे चालताना, सामान बांधताना-सोडताना नूशीनने ती हजारदा पाहिली होती. कोणी तिला शिकवली नव्हती. सार्ताऊल बाईला खोगिराची गाठ येते, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

लिऊदादा तिच्या हातांकडे बघत राहिला. मग मागे सरकला.

“मी काही पाहिलं नाही,” तो म्हणाला. “म्हातारा झालो. डोळे गेले माझे.” आणि हात लांब धरून त्याने केसासारखी तार एका झटक्यात सुईत ओवली.

मेजवानीला वस्तीतल्या काही जणींना बरोबर नेत. इतके सरदार, इतके झगे. कुठे बटण निघे, कुठे बाही उसवे. नूशीन त्या बायकांत होती. खानाचा मोठा पांढरा तंबू माळावर एखाद्या टेकडीसारखा उभा होता. बाहेर घोडे, ढोल, उकळत्या मटणाचा वास. सकाळीच दुधाचा सडा झाला होता. दारासमोरचं गवत पांढरं आणि निसरडं होतं.

निळ्या झग्यांची रांग लागली. बुजिर रांगेत उभा राहिला, गवतात, ओल्यात. रांग हळूहळू सरकत होती. पुढचा माणूस आत जाई, थांबे, मग पुढचा. नूशीन गाडीच्या चाकाला टेकून बघत होती. झग्याचा डावा काठ भिजून काळपट झालेला तिला दिसला. तिने सुई घट्ट धरली. सुई बोटात शिरली ते तिला कळलं नाही.

बुजिरची पाळी आली. त्याने उजवा पाय उंच उचलून उंबरठ्यापलीकडे टाकला. मग डावा. डावा उचलताना काठ सुटून खाली आला, वीतभर, आणि बुटाच्या टोकाखाली सापडला. बुजिरचा तोल गेला. घासणारा डावा पाय थेट उंबरठ्यावर पडला, टाचेसकट.

ढोल थांबले नाहीत, पण दारातलं बोलणं थांबलं. दोन्ही बाजूंच्या पहारेकऱ्यांनी त्याच्या काखांत हात घातले.

“काठ सुटला!” बुजिर ओरडला. “माझा दोष नाही! ज्या म्हातारीने झगा शिवला तिला आणा!”

नूशीनला आणायला कोणाला फार लांब जावं लागलं नाही.

न्यायाच्या तंबूत एक वृद्ध अधिकारी बसला होता. बारीक डोळे, पांढरी विरळ दाढी, समोर मेंढीच्या दुधाचा चहा. त्याने घाई केली नाही. झगा मागवून घेतला, काठ उलटा केला, बोटाने चाचपला.

“तू शिवलास?”

“हो मालक.”

“मग तुझ्या शिवणीमुळे याचा पाय पडला.”

“मालक, उजवीकडचा काठ बघा. ती माझी शिवण. रेशीम आहे.”

अधिकाऱ्याने उजवा काठ पाहिला. मग डावा. सैल पडलेली तात त्याने नखाने वर काढली.

“ही तात आहे.”

“मला कशी ठाऊक असणार, मालक? आम्ही तात वापरत नाही.”

“बुजिर,” अधिकारी म्हणाला, “वाटेत काठ उसवला होता?”

“नाही!”

“कोणाकडून शिवून घेतलास? बायकोकडून?”

“बायको कुरणावर आहे. कोणीही शिवला नाही. ही म्हातारी खोटं बोलते!”

“गाठ तर आपली आहे,” अधिकारी शांतपणे म्हणाला. त्याने झगा पहारेकऱ्याकडे दिला. पहारेकऱ्याने बघितलं आणि मान हलवली. “खोगिराचीच आहे, आजोबा. पट्ट्याची.”

“ही तुला येते, बुजिर?”

“कोणाला येत नाही? लहान पोरालाही येते!”

“मारून दाखव.”

त्याच्यापुढे तातेचा तुकडा धरला. बुजिरने तो हिसकावून घेतला. डोकं भलतीकडे होतं, पण हात शिकलेले होते. एक फेरा, एक उलट, ओढ. गाठ झाली तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं. त्याने ती खाली टाकली, जणू हात भाजला.

“आता तू,” अधिकारी नूशीनला म्हणाला.

त्याचे बारीक डोळे तिच्या बोटांवर होते. ज्यांना एक गाठ येते त्या बोटांना दुसरी लपवणं कठीण, हे त्या म्हाताऱ्याला चांगलं ठाऊक असणार. नूशीन आपल्या बोटांना ओळखून होती. नुसता दोरा हातात आला की ती स्वतःच चालायला लागत. मारायचीच नाही असं ठरवून भागलं नसतं. कोणाचे तरी हात उसने घ्यायला हवे होते.

तिने घेतले.

तिने तातेची दोन टोकं तशीच धरली जशी बेहरूजने धरली होती, छातीजवळ, शाईचे डाग पडलेल्या बोटांनी. अंगठा दोऱ्यावरून जायला हवा होता. तो खालून गेला. फास गळून पडला. ती खाली बघत राहिली, पोराची पाटी बघावी तशी, काय चुकलं ते शोधत. पुन्हा केलं. पुन्हा खालून. पुन्हा गळला. कपाळावर घाम आला होता, तो खरा होता. दारातला पहारेकरी हसला, मग त्याच्या मागचेही हसले.

“हिच्या हातात काही नाही, आजोबा,” पहारेकरी म्हणाला.

बुजिर हसला नाही. तो तिच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, बर्फाखालून पाणी जावं तसं.

“हे मी पाहिलंय,” तो म्हणाला. “असंच... असाच एकजण होता.”

“कोण?” अधिकाऱ्याने विचारलं.

बुजिरने आठवायचा प्रयत्न केला. नूशीन वाट बघत होती. ते नाव त्याच्या तोंडून निघालं असतं तर तिने कदाचित सगळं कबूल केलं असतं. पण नाव त्याला कधी माहीतच नव्हतं.

“नाही आठवत,” तो म्हणाला.

“आपल्याच हाताने तातेची शिवण घालून, ओल्या गवतातून खानाच्या दारात आलास,” अधिकारी म्हणाला. “त्यात आणि दोष परक्या बाईवर टाकलास. खोटं बोललास.” त्याने चहाचा घोट घेतला. “याला घेऊन जा.”

तो सरदार होता, म्हणून त्याचं रक्त जमिनीवर सांडू दिलं नाही. नमद्यात गुंडाळून जे करायचं ते केलं. तेवढा मान त्याला मिळाला. बेहरूजला तोही मिळाला नव्हता.

वस्तीत परतल्यावर नूशीनने राळ्याची पेज वाटीभर घेतली, मग आणखी वाटीभर. लिऊदादा समोर बसून बघत होता.

“कशी आहे पेज?”

“मीठ बरोबर आहे,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीठ बरोबर आहे.”

“गाडीतून उतरताना गाठोडं बांधलंस ते मी सोडून पुन्हा बांधलं,” तो हळूच म्हणाला. “खोगिराची गाठ मारली होतीस. हात आवर जरा.”

तिने मान डोलावली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा अल्ताना आली. एकटीच, घोड्यावरून. आता ती मोठ्याने बोलत नव्हती. तिने खोगिरामागून एक गाठोडं काढलं आणि नूशीनच्या समोर उलगडलं. निळं रेशीम, सोन्याचे पक्षी. डावा काठ अजून तसाच लोंबत होता, तातेसकट.

“झगा परत दिला त्यांनी मला,” ती म्हणाली. “माझ्या मुलाच्या मापाचा करून दे.”

नूशीनने झगा हातात घेतला.

“ती शिवण माझी नव्हती,” अल्ताना म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “आणि यांना साधं बटण लावता यायचं नाही. आमच्या घरात सुई मी धरते. हे मी त्या न्यायवाल्या म्हाताऱ्याला सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. तो म्हणाला, मग कोणी शिवलं ते तू शोध.”

तिने नूशीनकडे पाहिलं. नूशीनने ती नजर ओळखली. तिला आरसा लागत नव्हता ती ओळखायला. ती नजर घेऊनच ती उंटांच्या मागे चालत इथवर आली होती.

“मुलगा वाढतोय,” अल्ताना म्हणाली. “काठात माया ठेव, वीतभर. दर वर्षी मी येईन तो सोडवून घ्यायला.” ती दारापाशी, उजेडात, पाय दुमडून बसली. “आणि तू शिवशील तेव्हा मी इथंच बसेन. समोर. तुझे हात बघत.”

लिऊदादाच्या हातातली तार थांबली होती.

नूशीनने सुईत रेशीम ओवलं. एकदा ओवता आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. ती पहिला टाका घालत असताना अल्ताना थोडी पुढे झुकली.